'झायमोटिक' म्हणजे संसर्गजन्य का?

प्रश्न असा आला आहे: व्हिक्टोरियन लंडनमधल्या सोहो भागाच्या मृत्युनोंदींवरचा मजकूर मराठीत आणताना 'झायमोटिक' या वर्गाला 'संसर्गजन्य रोग' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. हा वर्ग विल्यम फार याने पाडला. जन्ममृत्यूंच्या निबंधक कार्यालयातला हा आकडेवारीचा माणूस. शब्द घेतला ग्रीकमधल्या आंबवणावरून: दुधाला विरजण लागावं तसं रक्तात काहीतरी शिरतं आणि काम सुरू करतं, अशी कल्पना. देवी, गोवर, लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीवर), डांग्या खोकला, टायफस, हगवण, पटकी म्हणजे कॉलरा हे सगळे त्यात.

पण रोग लागतो कसा, हाच तर तेव्हाचा वाद होता. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहोत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकी उसळली आणि ६१६ माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवत होता. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढलाही गेला. फारचा कल मात्र तेव्हा दूषित हवेकडेच होता. पाण्याचं त्याला पुरतं पटलं ते १८६६ च्या साथीत, स्नो वारल्यावर. 'संसर्गजन्य' लिहिलं की आपलं आजचं ज्ञान त्याच्या दौतीत ओतल्यासारखं होतं.

आकड्यांचाही घोळ होतो, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. क्षय या वर्गात नव्हताच, फारने तो वेगळा ठेवला होता; जर्मन शास्त्रज्ञ कॉखला त्याचा जंतू सापडला तो १८८२ मध्ये. आजचा वाचक 'संसर्गजन्य' म्हटल्यावर क्षय त्यात धरणारच, आणि त्या काळात क्षयाने मरणारे थोडेथोडके नव्हते.

म्हणून 'साथीचे रोग' बरं. साथ म्हणजे पुष्कळ जण एकदम आजारी पडले, एवढंच. कारणाबाबत शब्द नामानिराळा. अभ्यासू लेखात 'झायमोटिक' तसाच ठेवून एकदा फोड करावी. 'किण्वज' असा शब्द पाडता येईल, पण वाचकाला ताडी आठवेल.

कॉलऱ्याला 'पटकी' बिनधास्त लिहा. 'महामारी' टाळा, ती प्लेगलाही चालते. टायफसचं तेवढं सांभाळा: निबंधक कार्यालय १८६९ पर्यंत टायफस आणि टायफॉइड वेगळे मोजत नव्हतं, तेव्हा त्याआधीच्या नोंदीतल्या टायफसला 'विषमज्वर' (म्हणजे टायफॉइड) करू नका. तो टायफसच राहू द्या.