चार्जर फेकू नको भावा, आधी मीटर लाव

तुझी तक्रार एकदा नीट मांडतो. रिमोटवरच्या गाडीच्या बॅटऱ्या भरायचा ५० वॅटचा डीसी चार्जर, त्याला घरात पडून असलेला सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर. नवा टू-एस (दोन सेल एकामागे एक जोडलेला) ५००० मिलिअँपिअर-तासांचा लायपो (लिथियम-पॉलिमर) पॅक लावून ५ अँपिअर टाकले की लगेच ‘इनपुट व्होल्टेज’ म्हणून ओरडतो. १ अँपिअरवर चालतो, पण मधेच ‘कनेक्शन ब्रेक’. आणि जुना ७.२ व्होल्टचा एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) पॅक दहा मिनिटांत ‘फुल’ दाखवतो, तपोवन मैदानावर मात्र गाडी चार चकरांत मान टाकते. दुकानदाराने सांगितलं, चार्जरचा बोर्ड गेला, नवा घ्या.

बोर्ड गेलाय असं मला वाटत नाही. तीन दुखणी एकाच वेळी दिसली म्हणून रोग एकच आहे असं धरून चाललास, तिथे गोची झालीय. ही तिन्ही वेगवेगळी आहेत.

अडॅप्टरचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. टू-एस पॅक भरत आला की ८.४ व्होल्टला जातो. ८.४ गुणिले ५ म्हणजे ४२ वॅट. चार्जर स्वतः गरम होण्यात थोडं खातो, म्हणजे मागून पन्नासेक वॅट पाहिजेत. तुझा अडॅप्टर देणार १२ गुणिले २, चोवीस. शेळीला नांगराला जुंपलंयस तू.

आता म्हणशील, मल्टिमीटरवर तर १२.१ दाखवतोय. लोड नसताना दाखवणारच की! मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव, प्रोब चार्जरच्या इनपुटपाशी धर आणि चार्जिंग चालू कर. १ अँपिअर, मग दीड, मग दोन असं वाढवत आकडा बघत राहा. असे बहुतेक चार्जर ११ व्होल्टच्या खाली काम करायला नकार देतात. ज्या करंटला व्होल्टेज ११ च्या खाली बसतं, तिथे अडॅप्टरचा दम संपला. खात्री करायची तर कोणाच्या तरी कारची बॅटरी घे, इंजिन बंद ठेव, लाल-काळं दोनदा तपासून क्लिपा लाव. तिथे ५ अँपिअर गुमान चालले तर चार्जर निर्दोष. मग एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घेऊन टाक. फक्त त्याच्या २३० व्होल्टच्या स्क्रूंवर झाकण असू दे, उघडे ठेवू नकोस.

‘कनेक्शन ब्रेक’ने मात्र मला स्वतःला एकदा आठवडाभर नाचवलंय. उद्यमनगरात आमचं लेथचं काम, हवेतसुद्धा लोखंडाचा कीस. मला वाटलं बोर्डावर कीस बसून शॉर्ट झाला असणार. चार्जर खोलला, ब्रशने साफ केला, एक सॉकेट उगाचच नव्याने सोल्डर केलं. तरी तेच. शेवटी पॅकची पांढरी बॅलन्स वायर (चार्जरला प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं दाखवणारी) हातात घेऊन बघितली तर मधली पिन प्लगमध्ये मिलिमीटरभर मागे सरकलेली. बारीक स्क्रू ड्रायव्हरने पुढे दाबली, टक् असा आवाज आला आणि संपलं! दोष क्रिंपचा, म्हणजे वायरवर पिन दाबून बसवलेल्या जोडाचा, शिव्या खाल्ल्या चार्जरने.

तू असं कर. टू-एसच्या बॅलन्स प्लगला तीन पिना असतात. काळी ते मधली एक सेल, मधली ते लाल दुसरी. दोन्ही मीटरने मोज, बेरीज मुख्य वायरींवरच्या व्होल्टेजएवढी यायला पाहिजे. पिना एकमेकींना टेकवू नकोस, लायपो क्षणात ठिणगी देतो. मग चार्जरच्या स्क्रीनवर सेलचे आकडे उघड आणि वायर हळू हलवत राहा. आकडा उडाला की जागा सापडली. तरी कळलं नाही तर मित्राचा पॅक लाव. त्यालाही त्याच सेलवर तक्रार आली तर दोष चार्जरच्या सॉकेटमध्ये, नाहीतर तुझ्या पॅकमध्ये. पॅक नवा आहे म्हणून त्याला संशयातून सोडू नकोस.

आणि सेलमध्ये खरंच फरक निघाला, समजा ३.९ आणि ३.७, तर धीर धर. साध्या चार्जरचा बॅलन्सिंग (सेल सारख्या करण्याचा) करंट २००-३०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. एक सेल दुसरीपेक्षा १००० मिलिअँपिअर-तासांनी पुढे असेल तर चार-पाच तास सहज जातील. चार्जर अडकलाय असं समजून वायर उपटू नकोस.

राहिला जुना पॅक. एनआयएमएच भरला की त्याचं व्होल्टेज चढायचं थांबून किंचित खाली येतं, सेलमागे काही मिलिव्होल्ट. ती उतरण पकडून चार्जर थांबतो. पण पॅकचा टामिया पद्धतीचा पांढरा कनेक्टर ढिला असेल तर तो तापतो, व्होल्टेज हेलकावे खातं आणि चार्जरला वाटतं पॅक भरला. दीड अँपिअरने दहा मिनिटं म्हणजे फक्त २५० मिलिअँपिअर-तास. ३००० चा पॅक त्यात कसा भरेल? ‘फुल’ आल्याबरोबर हात लावून बघ. भरलेला एनआयएमएच कोमट लागतो. पॅक गार आणि कनेक्टर गरम असेल तर चोर सापडला. कनेक्टर बदल. बरेच दिवस पडून राहिलेले पॅकही सुरुवातीच्या काही मिनिटांत असं फसवतात, तेव्हा पुन्हा चालू करायचं. फार कमी करंट टाकलास तर उलटं होतं, उतरण इतकी बारीक की चार्जरला दिसतच नाही आणि पॅक भाजत राहतो.

एक गोष्ट मात्र करू नकोस. सेल ३ व्होल्टच्या खाली गेली की चार्जर लायपो घेत नाही, तेव्हा काही जण एनआयएमएच मोडवर टाकून ‘जिवंत’ करायला सांगतात. ऐकू नकोस. फुगलेला पॅक तर चार्जरच्या जवळपास आणू नकोस. उघड्यावर १२ व्होल्टच्या बल्बवर पूर्ण रिकामा करून ई-कचऱ्यात दे, घंटागाडीत नको. मी चार्जिंग अंगणात शहाबादी फरशीवर करतो, शेजारी वाळूची बादली. घरचे हसतात, हसू देत.

आधी लोडखालचं इनपुट व्होल्टेज आणि दोन्ही सेलचे आकडे इथे टाक, पुढचं त्यावरून बघू.