दोन चंद्रांचं पंचांग आणि सातशे बंड्या ज्वारी: वाचकांचे प्रश्न

स्वतःचं काल्पनिक राज्य उभं करून कथा लिहिणाऱ्या वाचकांचे या वेळचे प्रश्न.

प्रश्न (मोर्शी तालुका): माझ्या राज्यावर दोन चंद्र आहेत. धाकट्याचा महिना 20 दिवसांचा, थोरल्याचा 30 दिवसांचा. सण आणि पेरणी कशी बसवू?

उत्तर: आकडे चांगले धरलेत. दोन्ही पौर्णिमा एकदा जुळल्या की पुन्हा 60 दिवसांनी जुळणार. वर्ष 360 दिवसांचं ठेवलं तर जोडपौर्णिमा वर्षात सहा, त्याही दरवर्षी त्याच दिवशी. त्यात कथेच्या हाती काही लागत नाही. वर्ष 364 दिवसांचं करा. मग जोडपौर्णिमा दरसाल चार दिवस आधी येईल आणि 15 वर्षांनी मूळ जागी परतेल. पंधरा वर्षांतून एकदा भरणारी जत्रा तुम्हाला आयतीच मिळाली.

पेरणी मात्र चंद्रावर सोडू नका. आपल्याकडेही सण तिथीवर असतात, पेरणी नक्षत्रावर. सूर्य एका नक्षत्रात 13-14 दिवस राहतो, 27 नक्षत्रांत वर्ष पुरं होतं आणि 7-8 जूनला मृग लागतो. बारा चांद्रमासांचे दिवस भरतात 354, म्हणजे ऋतूंच्या हिशेबात 11 दिवसांची तूट. अधिक महिना धरला नाही तर आठ-दहा वर्षांत पोळा भर उन्हाळ्यात येईल आणि शेतात डवरा (तण काढायचं औत) न धरलेल्या बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावावी लागेल. तुमच्या राज्यात देवळाचं पंचांग चंद्रांचं ठेवा, कास्तकाराचं सूर्याचं. सणाच्या दिवशी जू उचलायचं नाही असा नियम असावा, आणि नेमका त्याच दिवशी वाफसा (पेरणीजोगी ओल) यावा. पुढचं भांडण पात्रं स्वतःच करतील.

प्रश्न (चिखलदऱ्याजवळून): गडाला वेढा पडतो. आत 5,000 माणसं सात महिने तग धरतात. वाचकाला पटेल का?

उत्तर: हिशेब दाखवलात तर पटेल. माणशी दिवसाला 600 ग्रॅम ज्वारी धरा. रोजचे 30 क्विंटल झाले, 210 दिवसांचे 6,300. एका बंडीत, म्हणजे बैलगाडीत, 9 क्विंटल घातले तर 700 बंड्या. घाटात भार निम्मा करावा लागतो, म्हणजे 1,400 खेपा. हे धान्य वेढ्याच्या आदल्या रात्री गडावर चढत नाही. सुगीपासून बंड्या चढताना दाखवा. शत्रूच्या हेरालाही त्या मोजता येतील.

साठवायचं कुठं, हे बहुतेक लेखक विसरतात. कणग्या आहेतच, पण मोठा साठा पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यात. पेव काळ्या मातीत खणत नाहीत, कारण ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि ओल आत जाते. पेव असतं गावठाणाच्या पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीत. तळाला आणि कडेनं कडबा किंवा तणस लावायची, धान्य खडखडीत वाळलेलं भरायचं, तोंड मातीनं लिंपायचं. आता धोका. बंद पेवात धान्याच्या श्वासोच्छ्वासानं हवा विषारी होते. तोंड उघडून बराच वेळ मोकळं ठेवतात, मग दोरीनं पेटता दिवा खाली सोडतात. तो विझला तर कोणी उतरायचं नाही. पाचव्या महिन्यात भुकेनं घाईला आलेला शिपाई दिवा न सोडताच उतरला, तर त्या मरणाला तलवार लागत नाही.

पाणी पिण्या-रांधण्यापुरतं माणशी 5 लिटर, रोजचं 25,000 लिटर. सात महिन्यांना 50 मीटर लांब, 35 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल तळं बरोबर पुरतं, पण कागदावर. वैशाखात रोज जवळपास एक सेंटिमीटर पाणी उन्हानंच उडतं, म्हणून खोली 4 मीटर करा. तुमच्या शेजारच्या गाविलगडावर तलाव आहेत. 15 डिसेंबर 1803 ला तो गड पडला तो तहानेनं नव्हे. तोफांनी बाहेरचा तट फोडला आणि आतल्या तटाला शिड्या लागल्या.

मीठ विसरू नका. समुद्रापासून दूरच्या मुलखात ते बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून यायचं. वेढ्यात धान्याआधी तेच संपेल.

प्रश्न (अकोट): प्रजेची बोली वऱ्हाडी ठेवली तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण ती फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घालू नका. ते आता फार झालं. बोलीचा एखादा उच्चारनियम उचला आणि सगळीकडे पाळा. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा-डोया, शाळा-शाया. मग राजधानीच्या कागदावर ‘काळगड’ आणि गावकऱ्याच्या तोंडी ‘कायगड’. अनोळखी माणूस कुठला, ते एका शब्दात कळतं. नकाशावर दोन-तीन रिठीही दाखवा. उजाड झालेल्या गावाचं नाव कागदोपत्री तसंच राहतं, आणि ते का उजाडलं हे विचारायला वाचक थांबतोच.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव तालुका): माझ्याकडे जादू मोहफुलांतून मिळते. पण मग ती कोणालाही करता येईल. आवर कसा घालू?

उत्तर: वेगळी बंधनं शोधू नका, मोहात ती आहेतच. फूल गळतं मार्च-एप्रिलमध्ये, तेही पहाटे. उशीर झाला तर गुरं आणि अस्वलं आधी पोचतात. म्हणजे जादू वेचणारी बाई अंधारात टोपली घेऊन निघते आणि वाटेत अस्वल असू शकतं. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवा लागतो. राज्याला जंगल राखायचं असेल तर इथं कायदा येईल, आणि कायद्यामागून चोरटी वेचणी.

वाळवल्यावर फुलांचं वजन निम्म्याहूनही कमी होतं, म्हणून ओल्या फुलांचा भाव आणि सुक्यांचा भाव वेगळे ठेवा. सावकार ओलं मोजून देईल आणि सुकं मोजून घेईल. अवकाळी पावसात वाळत घातलेली फुलं भिजली की काळी पडतात, आंबतात, बुरशी धरतात. अशा फुलांतून कुठली जादू निघते, ते तुम्ही ठरवा. आमचं मत विचाराल तर निघावी, पण वाकडी.