बंदी घालायची, पण कोणी आणि कशी?

प्रश्न : आमच्या मुक्त-स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअर प्रकल्पात आम्ही तीन मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, आहोत, सगळे स्वयंसेवक. एक जुना योगदानकर्ता नवख्यांच्या पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर) अपमानास्पद शेरे मारतो. दोनदा समज दिली. आता आमच्यातला एकजण ‘कायमचं काढा’ म्हणतो, पण त्याचं स्वतःचंच या माणसाशी भांडण झालं आहे.

उत्तर : तो मेंटेनर साक्षीदार झाला, त्यामुळे निर्णयातून बाहेर. उरलेल्या दोघांचं जुळलं नाही तर तिसरा एखाद्या शेजारच्या प्रकल्पातून घ्या. खरं तर ही सोय आधीच आचारसंहितेत लिहून ठेवायची असते. ऐन भांडणात शोधलेला पंच कुणालाच निष्पक्ष वाटत नाही.

त्रास थांबवणं आणि शिक्षा देणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शेरेबाजी आत्ताही चालू असेल तर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर संस्थेतून (तिथल्या प्रकल्पाच्या सामायिक खात्यातून) १, ३, ७ किंवा ३० दिवसांसाठी ब्लॉक करता येतं. (तो संस्थेचा सदस्य असेल तर आधी सदस्यत्व काढावं लागतं.) चौकशीला ७ दिवस घ्या. ब्लॉक केल्यावर त्याला तिथे उत्तर देता येत नाही, हे बहुतेकजण विसरतात आणि मग ‘त्याने खुलासाच केला नाही’ म्हणतात! आरोप ईमेलने कळवा, खुलाशाची तारीख द्या.

शेरे घाईने पुसू नका, नुसते लपवा. त्याआधी दुवा, तारीख आणि मागचा-पुढचा संवाद जपून ठेवा, कारण लिहिणाराही आपला मजकूर बदलू शकतो. तक्रारदाराचं नाव गाळलं तरी त्याचं एखादं खास वाक्य उद्धृत केलं की ओळख फुटते.

दोनदा दिलेली ती समज लेखी होती का? गप्पांत ‘जरा सांभाळून’ म्हटलेलं आम्ही ताकीद म्हणून मोजणार नाही. काँट्रिब्युटर कॉव्हेनंट या अनेक प्रकल्प वापरत असलेल्या तयार आचारसंहितेच्या २.० आवृत्तीत चार पायऱ्या आहेत : दुरुस्ती, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. धमकी किंवा खासगी माहिती उघड करणं असं काही नसेल, तर तुमचं प्रकरण फार तर तिसऱ्या पायरीवर आहे. महिनाभराची बंदी पुरे. पत्रात मोडलेला नियम, उदाहरणं, मुदत, परतीच्या अटी आणि अपिलाचा पत्ता लिहा.

आणि ब्लॉक केलं म्हणजे सगळं बंद झालं असं नाही. पॅकेज प्रकाशित करण्याचा हक्क, चॅटचं खातं, स्वयंचलित चाचण्यांची टोकन (प्रवेशाच्या गुप्त किल्ल्या) वेगळी तपासा.

प्रश्न : अपील कोणाकडे? सगळं तर आमच्याच हातात आहे.

उत्तर : मूळ निर्णयात नसलेल्या माणसाकडे, मग तो एकटा का असेना. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नियमन गटाने (वर्तनाच्या तक्रारी हाताळणाऱ्या गटाने) एकत्र राजीनामा दिला. गाभा गट (प्रकल्पाचं नेतृत्व करणारा गट) कुणालाच उत्तरदायी नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून मेंटेनरविरुद्धची तक्रार कोणाकडे जाईल तेही लिहा. तो ईमेल पत्ता तिघांच्या सामायिक पेटीत उघडत नाही ना, एवढं पाहून घ्या.