रिपोर्ट वाचून घाबरू नका

ताई, कंबरेच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘डिजनरेशन’ (म्हणजे झीज) लिहिलंय म्हणून तुम्ही घाबरलात; तो शब्द वाचून मीही रडले होते. वयानुसार मणक्यांमधल्या गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते. काहीच दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही हे चाळिशीनंतर सर्रास दिसतं. कंबरेत बहुधा एल४-एल५ किंवा एल५-एस१ला, म्हणजे सगळ्यात खालच्या दोन गाद्यांना.

सध्या एवढंच पाळा:

- अंथरूण धरू नका. मी ३ आठवडे पडून राहिले आणि पाठीची होती ती ताकदही गेली. झेपेल तेवढं चाला.
- मालिशवाल्याकडून मणका ‘बसवून’ घेऊ नका.
- कंबरेला आधाराचा पट्टा दिवसभर नको.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघांच्या मधे बधिरपणा आला, पाऊल उचलेना, तर रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा.

व्यायाम फिजिओथेरपिस्टसमोरच शिका. ऑपरेशनबद्दल आत्ता वाचूच नका.