‘चरित्र अभिनेता’: कोणाचं चरित्र?

प्रश्न असा आहे: पीट पॉसलथ्वेट या ब्रिटिश नटाचा मराठीत परिचय लिहायचा आहे. इंग्रजीत त्यांना सगळीकडे ‘कॅरॅक्टर अ‍ॅक्टर’ म्हटलेलं आहे. त्याला ‘चरित्र अभिनेता’ चालेल का? नसेल, तर ‘सहायक अभिनेता’ म्हणावं का?

दोन्ही नकोत. दोन्ही चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

‘चरित्र अभिनेता’ हा शब्द हिंदीतून आपल्या वर्तमानपत्रांत आला आणि रुळला. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे माणसाचा स्वभाव, वर्तन आणि नाटकातलं पात्रसुद्धा. त्यामुळे तिथे तो बसतो. मराठीत वर्तनाला आपण ‘चारित्र्य’ म्हणतो, नाटकातल्या माणसाला ‘पात्र’ किंवा ‘व्यक्तिरेखा’, आणि ‘चरित्र’ उरतं ते फक्त जीवनकथेपुरतं. ज्याचं चरित्र लिहिलं तो ‘चरित्रनायक’, त्यावर सिनेमा काढला तर ‘चरित्रपट’. मग ‘चरित्र अभिनेता’ वाचणाऱ्याला हा माणूस चरित्रपटांतून कामं करत असावा असं वाटलं, तर चूक त्याची नाही. पॉसलथ्वेट यांच्या बाबतीत हा घोटाळा जास्तच होईल, कारण ज्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं ती खरोखरच होऊन गेलेल्या माणसाची आहे. ‘इन द नेम ऑफ द फादर’ (1993) मधले जुझेप्पे कॉनलन, म्हणजे बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात नाहक अडकून 1980 मध्ये कैदेतच वारलेले, चित्रपटाच्या नायकाचे वडील. परिचयात ‘चरित्र अभिनेता’ आणि पुढच्याच ओळीत हा चित्रपट आला, की गैरसमज पक्का झाला म्हणून समजा.

आता ‘सहायक’. (‘सहाय्यक’ लिहू नका, ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’.) हा शब्द एका चित्रपटातली नटाची जागा सांगतो, त्याच्या नटपणाची जात सांगत नाही. पॉसलथ्वेट यांचं नामांकन ‘सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता’ याच विभागात होतं. तो विभागाचा ठरलेला अनुवाद आहे, तिथे तो तसाच ठेवा. पण ‘ब्रास्ड ऑफ’ (1996) मध्ये बंद पडायला आलेल्या कोळसाखाणीच्या वाद्यवृंदाचा संचालक डॅनी त्यांनीच केला आणि चित्रपटाचा कणा तोच आहे. 2008 मध्ये लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात ते किंग लिअर, म्हणजे शेक्सपिअरच्या त्याच नावाच्या नाटकाचे नायक, झाले. लिअर करणाऱ्याला सहायक कसं म्हणायचं?

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी गेलं की वाट दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश नाटकमंडळ्यांत नटांची कामं वाटून दिलेली असत: एक नायकाची कामं करणारा, एक तरुण प्रेमिकाची, एक खलपुरुषाची, एक विनोदी, एक म्हाताऱ्याची. मराठीला ही वाटणी परकी नाही. आपल्या संगीत नाटकमंडळ्यांतही ‘राजापार्ट’ वेगळा आणि ‘स्त्रीपार्ट’ वेगळा, तो करणारा ‘स्त्रीपार्टी’. इंग्रजीतला ‘पार्ट’ उचलून त्याला मराठी प्रत्यय लावण्याइतकी ही व्यवस्था इथे मुरली होती. या वाटणीत ज्याला देखणेपणाची गरज नाही पण बोलण्याचालण्याची काही खास ढब लागते, असं काम करणारा तो कॅरॅक्टर अ‍ॅक्टर. इंग्रजीत एखाद्याला ‘कॅरॅक्टर आहे’ म्हणतात, तेव्हा आपण ‘वल्ली आहे’ म्हणतो. त्या शब्दातला ‘कॅरॅक्टर’ आपल्या ‘चरित्रा’पेक्षा ‘वल्ली’च्या कितीतरी जवळचा आहे, आणि ‘वल्ली’ काय ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

म्हणून ‘वल्लीनट’ असा शब्द पाडावा असं मी म्हणणार नाही. तो नटच वल्ली आहे असं वाटेल. ‘बहुरूपी’ मोहात पाडतो, पण तो अर्धाच लागू पडतो. अ‍ॅलेक गिनेस यांनी ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’ (1949) मध्ये एकाच घराण्यातल्या आठ व्यक्ती केल्या, त्यात एक बाईसुद्धा. तिथे ‘बहुरूपी’ शोभतो. पॉसलथ्वेट यांचा चेहरा मात्र लपणारा नव्हता. गालांची वर आलेली हाडं, मोठं नाक, खोल डोळे: एकदा पाहिला की पुढच्या चित्रपटात ओळखू येणारच. चेहरा तोच ठेवून माणूस बदलायचा, ही त्यांची कारागिरी. ‘शार्प’ मालिकेतला मान झटकणारा सार्जंट हेक्सविल आणि ‘द यूज्वल सस्पेक्ट्स’ (1995) मधला, जपानी नावाचा आणि कुठल्याच देशाचा न वाटणारा वकील कोबायाशी लागोपाठ बघा.

माझा कौल सोपा आहे: नामाच्या मागे लागू नका, क्रियापद वापरा. मराठीत ‘भूमिका केली’, ‘वठवली’, ‘रंगवली’, ‘साकारली’ असे चार पर्याय आहेत आणि चारही सारखे नाहीत. ‘केली’ कोरडं, पण कधीच चुकत नाही. ‘साकारली’ वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे. ‘वठली’ म्हणजे भूमिका नीट जमून आली, म्हणून पडलेल्या कामाला ते लावू नका. ‘रंगवली’त बारकाव्यांचा भास आहे आणि या प्रकारच्या नटाला तेच हवं. ‘अभिनेता’पेक्षा ‘नट’ही मला बरा वाटतो, कारण त्याला रंगभूमीचा वास आहे. मजकूर साधारण असा होईल:

‘पीट पॉसलथ्वेट (1946–2011) हे आगळ्यावेगळ्या व्यक्तिरेखा रंगवणारे इंग्रज नट. जन्म वॉरिंग्टनचा. आधी शिक्षक होते, मग ब्रिस्टल ओल्ड व्हिक नाट्यशाळेत शिकले आणि 1970च्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात घडले.’

पुढे ‘कॅरॅक्टर अ‍ॅक्टर’ पुन्हा आला, तर तोच शब्द देवनागरीत लिहून मोकळे व्हा. एकदा अर्थ सांगितला की वाचक अडत नाही.

परिचयात आणखी काही ठिकाणी पाय घसरतो. आडनावातल्या पहिल्या ‘टी’चा उच्चार होत नाही, म्हणून ‘पोस्टलेथवेट’ नाही, ‘पॉसलथ्वेट’. या आडनावामुळे त्यांना सुरुवातीला नाव बदलण्याचा सल्ला मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही, तेव्हा आपणही ते मोडू नये. त्यांना 2004 मध्ये ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला, पण त्याने नावामागे ‘सर’ लागत नाही; त्यासाठी नाइटहूड लागतं. ‘कै.’ही टाळा. कैलासवासी होण्याचा प्रश्न कॅथलिक घरात जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत येत नाही, ‘दिवंगत’ पुरे. आणि 2010चे ‘इन्सेप्शन’ व ‘द टाउन’ मृत्यूनंतरचे चित्रपट नव्हेत. पॉसलथ्वेट 2 जानेवारी 2011ला गेले, त्याआधी दोन्ही झळकले होते.

हीच जातकुळी बाईची असेल तर? ‘चरित्र अभिनेत्री’ आणखीच अवघड, कारण तिथे वाचकाच्या मनात ‘चरित्र’ ऐवजी ‘चारित्र्य’ डोकावतं. ‘नट’वरून ‘नटी’ करावं तर त्या शब्दाला आज तुच्छतेची छटा आहे. मार्गारेट रुदरफर्ड यांच्याबद्दल लिहिताना ‘विक्षिप्त म्हाताऱ्या रंगवण्यात हातखंडा असलेली अभिनेत्री’ असं सरळ लिहावं.