नवा ईएलएसडी जोडला, पण बेसलाइन स्थिर होत नाही आणि कॅलिब्रेशन सरळ रेषेत येत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की मधातलं फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि सुक्रोज मोजायला एचपीएलसीला (द्रवातले घटक कॉलममधून वेगळे करणाऱ्या यंत्राला) ईएलएसडी, म्हणजे सॉल्व्हंट उडवून उरलेल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजणारा डिटेक्टर जोडलाय, अमिनो कॉलमवर अ‍ॅसिटोनायट्राइल आणि पाणी ७५:२५ चालू आहे, पण बेसलाइनवर, म्हणजे नमुना नसतानाच्या मूळ रेषेवर, नुसतं गवत (बारीक खळबळ) उगवलंय आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेली रेष वाकडी येतेय. यातला पहिला बिघाड आहे. दुसरा बिघाड नाहीच, त्या डिटेक्टरचा तो स्वभाव आहे.

आधी गवताचं बघू. नेब्युलायझर नायट्रोजनच्या झोताने द्रवाचा फवारा करतो, तापलेल्या नळीत सॉल्व्हंट उडून जातं, आणि उरलेल्या कोरड्या कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो. म्हणून यूव्ही डिटेक्टरला नीट न दिसणारी साखर इथे छान दिसते. पण जे जे उडत नाही ते सगळंच दिसतं: पाण्यातले क्षार, कॉलममधून झिजून येणारा थर, गॅसमधलं तेल. त्यामुळे तापमान वरखाली करत बसण्याआधी ही घाण कुठून येतेय ते शोधा.

पंप बंद ठेवून फक्त गॅस आणि दिवा चालू करा. रेष सपाट हवी. इथेच हलत असेल तर गॅस किंवा डिटेक्टरच अस्वच्छ आहे. मग कॉलम काढून त्या जागी युनियन (नळीला नळी जोडणारा साधा जोड) लावा आणि शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल १ मिली प्रति मिनिट सोडा. नंतर तुमचं मोबाइल फेज, म्हणजे ते ७५:२५ मिश्रण. सगळ्यात शेवटी कॉलम. ज्या पायरीवर गवत उगवेल तिथेच दोष. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तो शेवटच्या पायरीवर सापडतो, कारण अमिनो कॉलम नवा असताना भरपूर सोडतो. नवा कॉलम डिटेक्टरला जोडूच नका. त्याचं टोक थेट बीकरमध्ये ठेवून काही तास धुऊन घ्या. आणि त्या सिस्टिमवर पूर्वी फॉस्फेट बफर चालवला असेल तर पंप, इंजेक्टर, नळ्या कोमट पाण्याने मनापासून धुवा. फॉस्फेट उडत नाही. बफर लागलाच तर अमोनियम फॉर्मेट किंवा अ‍ॅसिटेट घ्यायचा.

आता ड्रेन. हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. मीही घेतला होता आणि त्यापायी दोन दिवस घालवले. फवाऱ्याचे मोठे थेंब सायफनमधून वेस्टमध्ये जातात. तो सायफन सुरू करण्याआधी द्रवाने भरलेला लागतो, नाहीतर गॅस तिथूनच निसटतो आणि आतला दाब टिकत नाही. मी सायफन भरला होता, पण ड्रेनच्या नळीचं टोक वेस्ट बाटलीतल्या द्रवात बुडालेलं होतं. दर काही मिनिटांनी एक बुडबुडा सुटायचा आणि बेसलाइनवर एक लाट यायची. मला वाटत राहिलं, पंपाचा सील गेला. टोक द्रवाच्या वर ठेवा आणि नळी सलग उताराची ठेवा, मध्ये झोळ पडू देऊ नका.

एक्झॉस्टची नळी फ्यूमहूडमध्येच सोडा. त्यातून अ‍ॅसिटोनायट्राइलची वाफ येते, आणि एसीच्या बंद खोलीत ती श्वासात जाणं वाईट. मात्र ती जोरदार ओढणाऱ्या डक्टला घट्ट बसवू नका, ओढ कमीजास्त झाली की रेषही हलते.

गॅसचा हिशेबही करून ठेवा. ७ घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला २.५ लिटरने जेमतेम ४७ तास पुरतो. रात्रभर सिक्वेन्स (एकामागून एक नमुने) लावणार असाल तर नायट्रोजन जनरेटर बरा. दाब आणि तापमान तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. कमी तापमानाच्या प्रकारात ४० अंश आणि ३.५ बारच्या आसपास सुरुवात करता येते. गॅस कमी पडला तर थेंब मोठे राहतात आणि टोकदार स्पाइक येतात. जास्त झाला तर कण बारीक होतात आणि पीकच (आलेखावरचा साखरेचा उंचवटा) खुजा होतो. सुरू करताना आधी गॅस, मग पंप. बंद करताना आधी पंप, आणि गॅस अजून पंधरावीस मिनिटं.

आता वाकडी रेष. इथे पीकचा एरिया वस्तुमानाच्या घाताने वाढतो: एरिया = a × वस्तुमानाचा b वा घात. b बहुधा १ पेक्षा मोठा असतो. समजा तो १.४ आहे. मग फ्रुक्टोजच्या दहाव्या भागाइतकं सुक्रोज असेल तर त्याचा एरिया दहावा नाही, पंचविसावा दिसेल. एरिया टक्केवारीवर विसंबलात तर साखर मिसळलेला मध चोख म्हणून पास होईल. म्हणून मी हे इतक्या कळकळीने लिहितोय.

प्रत्येक साखरेचे किमान पाच स्टँडर्ड (तीव्रता माहीत असलेली द्रावणं) घ्या, दोन्ही बाजूंचे लॉग काढा आणि त्यावर रेष बसवा. आर-वर्ग (रेष किती नीट बसली त्याचा आकडा) ०.९९९ आला म्हणून थांबू नका, लॉगमध्ये सगळंच गोड दिसतं. त्या समीकरणातून प्रत्येक स्टँडर्डची तीव्रता उलट काढून बघा. खालच्या टोकाला चूक मोठी निघाली तर रेंज लहान करा. मधाची दोन विरलनं करा, एक फ्रुक्टोज-ग्लुकोजसाठी पातळ आणि एक सुक्रोजसाठी दाट, म्हणजे तिन्ही पीक रेंजमध्ये बसतील. मध आधी पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मगच अ‍ॅसिटोनायट्राइल घाला, नाहीतर साखर खाली बसते. दर दहा नमुन्यांनंतर मधला एक स्टँडर्ड टाका. अमिनो कॉलम ग्लुकोजसारख्या साखरांशी हळूहळू अभिक्रिया करून खराब होतो, त्यामुळे एकट्या ग्लुकोजचा पीक उतरायला लागला तर डिटेक्टर उघडण्याआधी कॉलम बदलून बघा.