वर्षाचा करार, मुलीची एफडी आणि वहीतले ३४० नंबर

सोलापूरहून एका ताईंनी लिहिलं आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा त्यांचा घरगुती व्यवसाय नऊ वर्षांचा, हाताखाली तीन बायका. गेल्या वर्षी महिन्याला चटणीची पाव किलोची २,२०० पाकिटं जायची, आता १,५०० जातात. यजमान टॉवेलच्या कारखान्यात आहेत, तिथे पाळ्या कमी झाल्यात. अशात एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीनं वर्षाचा करार पुढे ठेवलाय. महिना २०,००० रुपये फी, त्यावर जीएसटी, शिवाय जाहिरातींचे १५,००० वेगळे. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली तीन लाखांची एफडी मोडायची आणि दागिने गहाण ठेवून पावणेदोन लाख उचलायचे, असा विचार चाललाय. ‘सगळे ऑनलाइन गेले, मीच मागे राहिले. पैसे घालू का?’ असा त्यांचा प्रश्न.

ताई, हा करार करू नका. जाहिरातच करू नका असं मात्र मी म्हणत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही पत्रासोबत हिशेबाच्या वहीचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

तुमचं एक पाकीट शेंगदाणे, लसूण, तिखट, मजुरी, गॅस आणि पाऊच धरून ७० रुपयांत पडतं. दुकानाला तुम्ही ते ८८ ला देता, थेट गिऱ्हाइकाला १२० ला. म्हणजे दुकानातून पाकिटामागे १८ रुपये सुटतात आणि थेट विक्रीत ५०. आता एजन्सीचा खर्च मांडू. फी २०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६००, जाहिरात १५,०००. महिन्याचे झाले ३८,६००. तुमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे ते ३,६०० कुठेही वळते होणार नाहीत, गेले ते गेले. हा खर्च नुसता भरून निघायला ७७२ पाकिटं जादा जायला हवीत, दर महिन्याला, तीही थेट गिऱ्हाइकाला. आज तुमची थेट विक्री ५०० आहे. ती १,२७२ झाली, तर तुमच्या हातात एक रुपयाही न वाढता एजन्सीचा खर्च तेवढा भागेल. आणि तीन बायकांचे हात मात्र तुटतील.

आता वहीतली दुसरी गोष्ट. ७०० पाकिटं कमी झाली हे खरं, पण कुठली? थेट गिऱ्हाइकाची ५०० गेल्या वर्षीही होती, आजही आहेत. घटली ती दुकानांची, १,७०० वरून १,००० वर. पुण्यातला एक दुकानदार आता स्वतःच्या नावानं चटणी भरून विकतो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमची चटणी खाणारा माणूस कुठेही गेलेला नाही, मधला माणूस गेला. त्या ७०० पाकिटांचं तुमचं नुकसान आजच्या दरानं महिन्याला १२,६०० रुपये. ते भरून काढायला थेट विक्रीची २५२ पाकिटं पुरेत. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर रोजची दहा. ‘मागे राहिले’ म्हणून जे ओझं तुम्ही डोक्यावर घेतलंय ते एवढं आहे.

पैसे कुठून आणायचे याबद्दल मला जास्त काळजी वाटते. घरखर्च २८,०००. धंद्यातून भाडं आणि वीजबिल जाऊन साधारण ३०,००० उरतात, यजमानांच्या पगाराचा भरवसा नाही, बचत खात्यात ४०,०००. या घराला दुसरी उशी नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचा म्हटलं तरी १,६८,००० लागतात आणि ते त्या एफडीतच आहेत. मुलगी अकरावीत, म्हणजे दोन वर्षांत प्रवेशाचे पैसे लागणार. दागिन्यांवर पावणेदोन लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर वर्षाला १७,५०० रुपये व्याज. सोनं गहाण ठेवून मशीन घेतलं तर निदान मशीन उरतं. जाहिरात चालली नाही तर हातात उरतात त्या पोस्टी. पुढे काही कारणानं खरंच रक्कम लागली, तर एफडी मोडण्याआधी बँकेत तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तशी उचल, मिळतो का ते विचारा. दर साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त असतो, आणि वापराल तेवढ्यावरच व्याज लागतं. कांडपाचं नवं यंत्र घ्यायचं झालं तर मुद्रा योजनेत किशोर गटाचं कर्ज आहे, ५०,००० ते ५ लाखांपर्यंत, तारणाशिवाय. पण ते यंत्रासाठी.

आधी उधारीकडे वळा. पुण्याच्या दोन दुकानांकडे ९६,००० अडकलेत, सगळ्यात जुनं बिल पाच महिन्यांचं. ही तुमची १,०९० पाकिटं आहेत. ती बुडाली तर दुकानाला देऊन तेवढा पैसा परत कमवायला ५,३०० च्या वर पाकिटं विकावी लागतील. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आज करा, ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कुणी दोन-तीन हजार मागितले तर देऊ नका. तुमच्यासारख्या माल बनवणाऱ्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं लहान उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही त्याची मेख आहे. ज्याचं उत्पन्न वहीखात्यावरून मोजलं जातं अशा व्यापाऱ्यानं मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्याला प्रत्यक्ष पैसे चुकवेपर्यंत दाखवता येत नाही. नोंदणीनंतरच्या मालाला हा आधार भक्कम मिळतो, जुन्या बिलांना गोड बोलूनच वसूल करावं लागेल. दुकानदाराला फोन करू नका, समोर जाऊन बसा. आणि पुढचा माल मागचं बिल मिळाल्यावर.

मग ती दुसरी वही. दिवाळीत आणि प्रदर्शनात ज्यांनी माल नेला त्यांचे ३४० नंबर तुमच्याकडे आहेत आणि त्यातल्या एकालाही तुम्ही पुन्हा फोन केलेला नाही! पैसे देऊन अनोळखी माणसं शोधायला निघालात आणि ज्यांच्या जिभेवर चव आहे ते वहीत झोपलेत. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात एकच निरोप एकदम अनेकांना धाडायची ब्रॉडकास्ट यादी असते, एका यादीत २५६ जण बसतात, तेव्हा दोन याद्या करा. मेख एवढीच की ज्यानं तुमचा नंबर साठवलाय त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून पहिल्यांदा एकेकाला फोन करा, दिवसाला पंधरा, दुपारी भाकऱ्या वाळत असतात त्या वेळात. ‘मागच्या दिवाळीत चटणी नेली होती, संपली असेल,’ इतकंच बोला आणि नंबर सेव्ह करायला सांगा.

कुरिअरला अर्ध्या किलोपर्यंत ६० रुपये पडतात असं तुम्ही लिहिलंय. मग एका पाकिटाची ऑर्डर घेऊच नका, १२० च्या वस्तूवर ६० द्यायला गिऱ्हाईक कचरतं. दोन पाकिटं आणि कडक भाकरी असा एक डबा करा. वजन वाढेल, कुरिअरही वाढेल, पण ते तीन वस्तूंवर वाटलं जाईल. भाकरी वाटेत तुटते ही तक्रार येणारच. माझ्या घरी सोलापूरहून आलेल्या पार्सलात वरच्या दोन भाकऱ्या शाबूत आणि खाली नुसता चुरा होता. आम्ही तो आमटीत कालवून खाल्ला, पण पैसे देणारा खाणार नाही. पुठ्ठ्याचा खोका, मधे कागद, आणि भाकऱ्या आडव्या न ठेवता उभ्या लावून बघा.

तुमचं गाव तर जाहिरातीच्या वाटेवरच आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणारी किती माणसं सोलापुरात उतरतात! परतताना घरी न्यायला काहीतरी हवंच असतं. त्या रस्त्यांवरच्या चार लॉजच्या आणि नाश्त्याच्या हॉटेलांच्या गल्ल्यावर वीस-वीस पाकिटं ठेवा, रोखीनं, ९५ ला. पाकिटामागे २५ सुटतील आणि उधारी शून्य. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, तिथे जागेची चौकशी आत्तापासून करा. पुण्याच्या प्रदर्शनाचा तुमचा अंदाज गाळा आणि प्रवास मिळून १७,००० चा आहे. त्याला ३४० पाकिटं लागतात, चार दिवसांत रोजची ८५. गेल्या खेपेला तुम्ही रोज साठ विकली होती. म्हणजे नवे नंबर मिळणार असतील तरच जा, नुसत्या विक्रीसाठी नको.

ऑनलाइन जाहिरातही करून बघा, पण स्वतः. दिवसाला ३०० रुपये, दहा दिवस, फक्त पुणे शहर. तीन हजारांत साठ पाकिटं गेली तर बरोबरी. जाहिरात महाराष्ट्राबाहेर मात्र दाखवू नका. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ४० लाखांची सूट राज्यातल्या विक्रीला आहे. एजन्सीच्या कागदात ‘संपूर्ण भारत’ लिहिलंय, पण हैदराबादची पहिली ऑर्डर आली की काय करायचं ते लिहिलेलं नाही.

फसण्यात मी तुमच्या पुढे आहे. माझं कार्यालय उघडलं तेव्हा मी चौकात मोठा फ्लेक्स लावला होता, फोटोसकट. चार महिन्यांत दोन फोन आले. त्यातला एक, असा फ्लेक्स कुठे छापून मिळतो हे विचारायला.

या सगळ्याला तीन महिन्यांत ३०,००० पेक्षा जास्त घालू नका, तेही उधारी वसूल होईल त्यातूनच. विक्रीच्या वहीत एक रकाना वाढवा, ‘कुठून कळलं?’, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारून तो भरा. गड्डा उरकला की त्या रकान्याची बेरीज मला पाठवा. थेट विक्री ७५० च्या आसपास पोचली असेल आणि त्यात ऑनलाइनचा वाटा दिसत असेल, तर एजन्सीला जरूर बोलवा. तेव्हा करार तीन महिन्यांचा मागा, फीचा निम्मा भाग ऑर्डरींवर बांधा, आणि पेज व जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर, तुमच्या मोबाईल नंबरवर उघडून घ्या. सही करण्याआधी कागद मला दाखवा.